औरंगजेबाची उधारी आणि शेजारचं दुकान

कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या अध्यक्षांना व कार्यकर्त्यांना खुले पत्र



हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलिस अधीक्षकांना लिहायला हवं होतं, असं काहींना वाटेल. त्यांना लिहून उपयोग आहे, पण थोडा. साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात, तालीम जागेवरच असते. कुणाचं पोरगं रात्री उशिरापर्यंत कट्ट्यावर बसतं, कोण अलीकडे कुणाच्या नादाला लागलंय, कुणाच्या मोबाईलवर काय फिरतंय, हे ठाण्याच्या आधी तुम्हाला कळतं. म्हणून तुम्हालाच लिहितोय.

७ जून २०२३ विसरलेला नाहीत ना? आदल्या दिवशी शिवराज्याभिषेक दिन. काही पोरांनी औरंगजेब आणि टिपूचं कौतुक करणारं स्टेटस ठेवलं. त्याचे स्क्रीनशॉट गावभर फिरले, दुसऱ्या दिवशी बंदची हाक आली, शिवाजी चौकात जमाव जमला आणि आसपासच्या गल्ल्यांत दगड सुरू झाले. लाठीमार, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद. दगड पडले ते ज्यांचा त्या स्टेटसशी काडीचा संबंध नव्हता अशा माणसांच्या दुकानांवर आणि गाड्यांवर.

पुढच्याच वर्षी, १४ जुलै २०२४ ला, विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या प्रश्नावरून निघालेल्या गर्दीने पायथ्याच्या गजापुरात घरं आणि मशीद फोडली. अतिक्रमण गडावर, मार पायथ्याला. तीनच दिवसांनी आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले होते. एरवी या योगावर आपण केवढी कौतुकाची भाषणं केली असती!

या दोन्ही घटनांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. लांबच्या किंवा मेलेल्या माणसाच्या नावावरची उधारी आपण शेजारच्या दुकानदाराकडे मागायला गेलो. औरंगजेब १७०७ साली नगरजवळ मेला. त्याचा जो हिशेब चुकता करायचा होता तो ज्यांनी केला त्यांचीच ही करवीरची गादी. राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं ताराराणींनी त्या बादशहाशी झुंज दिली, त्याला दख्खनेत अडकवून ठेवला, आणि तो इथल्याच मातीत गेला. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणींच्या पुतळ्याखालून आपण रोज जातो. ज्या गावाने रणांगणात वसुली केली, त्या गावाच्या पोरांनी तीनशे वर्षांनी चपला विकणाऱ्याच्या काचेवर दगड मारावा, यात मर्दुमकी कुठली?

ही उधारीची रीत आपली नव्हे, फार जुनी आहे. जगात तिचा सगळ्यात मोठा मार ज्यूंनी खाल्लाय. येशूला सुळावर दिलं म्हणून युरोपातल्या ज्यूंच्या पिढ्यान्‌पिढ्या बदनाम झाल्या. १९१८ साली जर्मनी महायुद्ध हरला, तर तेही ज्यूंच्या खात्यावर. आणि सुरुवात कुठून झाली ते ध्यानात घ्या, कारण मृत्युछावण्या आणि विषारी वायू फार नंतरचे. १ एप्रिल १९३३ ला, हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले असतील-नसतील, त्याचे गणवेशातले कार्यकर्ते ज्यूंच्या दुकानांपुढे पाट्या घेऊन उभे राहिले: जर्मनांनो, ज्यूंकडून माल घेऊ नका. एवढंच. त्या दिवशी बरेच जर्मन खांदे उडवून दुकानात गेलेही. साडेपाच वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, एका रात्रीत सात हजारांवर दुकानांच्या काचा फुटल्या, शेकडो प्रार्थनास्थळं जळाली, तीस हजारांच्या आसपास पुरुष उचलून छावण्यांत टाकले गेले. आता तुमच्या मोबाईलवर दिवाळीच्या तोंडावर येणारा ‘अमक्यांकडून खरेदी करू नका’ हा मेसेज काढा आणि शांतपणे वाचा. मी कोल्हापूरचं बर्लिन झालंय असं म्हणत नाही. तसं म्हणणारा तिथल्या मेलेल्यांचा अपमानच करेल. पण पाटीवरचा मजकूर तोच आहे, हे तर दिसतंय.

कुणी म्हणेल, ज्यूंचं आम्हाला काय सांगता, आमचं त्यांच्याशी कधी वैर नव्हतं. खरंच नव्हतं, आणि महाराष्ट्राने याचा अभिमान जरूर बाळगावा. कोकणातले बेने इस्रायली शतकानुशतकं तेल गाळत होते, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, केहिमकर, राजपूरकर ही आडनावं गावांवरून पडली. बायका नऊवारी नेसत, देवाच्या कथा मराठीत कीर्तनातून सांगितल्या जात. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, ठाण्याचं १८७९ चं. स्वातंत्र्यानंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, तिथेही मराठी बोलत राहिले. जे उरले त्यांना राज्य सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. ज्यूंवर इथे हल्ला झाला तो २६/११ ला, मुंबईतल्या नरिमन हाऊसवर, आणि तो बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांनी केला. तिथेही तीच उधारी: भांडण कुठल्या कुठे, आणि मेले कुलाब्याच्या एका घरात राहणारे रब्बी, त्यांची बायको आणि पाहुणे. इस्रायल सरकारच्या धोरणाबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. त्याचा राग ठाण्याच्या सिनेगॉगवर काढायचा नसतो, हे आपल्याला पटतं. मग औरंगजेबाचा राग कुठे काढायचा नाही, हे पटायला एवढं जड का जातं?

आणि ज्यूंशी वैर नसलेल्या याच महाराष्ट्रात हिटलरचं आत्मचरित्र मराठीतून धडाक्यात खपतं. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात ते कुठे असतं पाहिलंय? शिवचरित्राच्या शेजारी, ‘श्रीमंत कसे व्हाल’ छापाच्या पुस्तकांना खेटून. विकत घेणारा कॉलेजातला पोरगा नाझी नसतो. त्याला शिस्त हवी असते, जिद्द हवी असते, कुणीतरी कडक माणूस हवा असतो. ‘या देशाला हिटलरच पाहिजे’ हे वाक्य कटिंग मारताना पानपट्टीवर सहज टाकलं जातं आणि कुणी हटकत नाही. २००६ साली नवी मुंबईत खारघरला एकाने ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं हॉटेलच काढलं होतं. मुंबईतल्या मूठभर ज्यूंनी आक्षेप घेतला, गाजावाजा झाला, मालकाने नाव बदललं. दगड न उचलता. मला हा प्रसंग आवडतो, कारण त्यात सांगणारा होता आणि ऐकणाराही होता. बहुतेक ठिकाणी दोन्ही नसतात.

आता कोल्हापूरकडे या. आपल्या पोरांना हिटलरचं पुस्तक माहीत आहे, वळिवडे माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, शहराच्या उशाला वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बायका आणि पोरंच जास्त. आपण भाषणात चूक करतो ती इथेच दुरुस्त करू: हे लोक हिटलरच्या छावण्यांतून सुटून आलेले नव्हते. पोलंडचे लचके हिटलर आणि स्टालिन या दोघांनी तोडले. यांना स्टालिनने सैबेरियाकडे हाकललं होतं, तिथून सुटून ते इराणमार्गे इथवर पोचले. बहुतेक कॅथलिक. पण ते बरॅकींत शाळा, चर्च, नाटकं चालवत होते त्याच काळात त्यांच्या देशात ऑशविट्झ धडधडत होतं आणि पोलंडमधल्या तेहतीस लाख ज्यूंपैकी तीस लाख संपवले जात होते. कोल्हापूरने या लोकांना धर्म विचारला नाही, भाषा येते का विचारलं नाही. त्यांच्यातल्या काहींच्या कबरी आपल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. एक मुलगी कोल्हापूरच्या माणसाशी लग्न करून इथलीच झाली. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. त्याच्या आसपास रोज चालायला येणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यावरचा मजकूर वाचलाय, हा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय. तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. गावाला जगात मान आहे तो तांबड्या-पांढऱ्या रश्श्याइतकाच या छावणीमुळे.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. पोलिश लोक गेले आणि रिकाम्या होत गेलेल्या त्या बरॅकींत फाळणीत सगळं गमावून आलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर. जिल्ह्यातलं कुठलंही लग्न असो, बस्ता बांधायला आपण गांधीनगरलाच जातो. दुकानात गादीवर बसून, चहा घेत, दर पाडताना आपल्या पायाखाली दोन देशांच्या निर्वासितांची जमीन आहे, हे कुणाच्या मनात येत नाही. येऊही नये कदाचित. बस्ता बांधताना भाव महत्त्वाचा. पण निर्वासित म्हणजे ओझं, असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं की त्याला अंगातला शर्ट कुठून घेतला एवढं विचारा.

तुमच्या तालमींकडे येतो. बाहेरच्या माणसाला मोहरमची खत्तलरात्र दाखवली तर तो चक्रावून जातो. तालमीत मारुती, भिंतीला टेकवलेल्या गदा, त्याच आवारात पंजे बसलेले. नवस बोललेला मराठ्याचा पोरगा फकीर झालेला, गळ्यात धागा, हातात ऊद. बायका चोंगे घेऊन रांगेत. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलाय. शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा पंजे आणि गणपती एकाच छताखाली होते. दसरा चौकात उभं राहून मान फिरवा: मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, चित्रदुर्ग मठ. १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली तेव्हा शाहू महाराज स्वतःच तिचे अध्यक्ष झाले, कारण शिकलेला पुढारीच त्या समाजात सापडेना. २०१९ च्या महापुरात बोटीत कोण कुणाचा हात धरतोय हे कुणी पाहिलं नाही. कोरोनात, सख्खे नातेवाईक लांब उभे असताना, बैतुलमाल कमिटीच्या पोरांनी हिंदूंच्या चितांना अग्नी देण्याचं काम केलं.

मग एवढं सगळं असून ७ जून कसा झाला? मला वाटतं, कारण हा सलोखा सणाचा होता. वर्षातून पाच दिवस चालणारा. सण म्हणजे जिव्हाळा, पण बंदोबस्त नव्हे. सकाळी दहाला अफवा उठली तर कुणी कुणाला फोन करायचा, हे पंज्यांच्या मिरवणुकीत ठरत नाही. ठरायचं तर शांतता कमिटीच्या बैठकीत. ती कशी होते हे तुम्हाला मी सांगायला नको: सणाच्या आठवडाभर आधी ठाण्यात खुर्च्या मांडायच्या, तीच पंचवीस माणसं, डॉल्बी आणि वेळेची मर्यादा यांवर हुज्जत, चहा, फोटो. दंगल झाली की सद्भावना फेरी निघते, पुढे पांढरे कपडे, मागे ‘शाहूंचं कोल्हापूर’ असा फलक. फेरीला माझा विरोध नाही, मीही गेलोय. पण फेरीत ज्यांनी दगड मारले ते नसतात आणि ज्यांना लागले तेही घरीच असतात.

वेगळं काय करता येतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. भिवंडी हे दंगलीचं गाव म्हणून बदनाम होतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत तिथे रक्ताचा सडा पडला. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोठ्या पुढाऱ्यांना बाजूला ठेवून मोहल्ल्या-मोहल्ल्यांत कमिट्या केल्या, सुमारे सत्तर. त्यात यंत्रमाग कामगार, दुकानदार, मास्तर, दोन्ही धर्मांची साधी माणसं, आणि सोबत त्या भागाचा साधा पोलिस. बसायचं, तक्रारी ऐकायच्या: गटार, नळ, भाडेकरू, पोरींची छेडछाड. दंग्याविषयी बोलायला दंगा लागतच नाही, हे तिथे कळलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ चालवली.

कोल्हापुरात तर कमिट्या नव्याने काढायलाही नकोत. तुम्ही आहातच. पेठेपेठेत तालीम आहे, तालमीला जागा आहे, शब्दाला वजन आहे. पाटाकडील असो, दिलबहार असो, बालगोपाल असो, शाहू स्टेडियमवर सामना असला की हजारो पोरं तुमच्या नावाने घसा फोडतात, आणि मैदानात कुठल्या जातीधर्माचा, कुठल्या देशाचा पोरगा गोल मारतोय हे बघत नाहीत. आता समर्थकांची हाणामारीही तुम्हाला माहीत आहे. तीसुद्धा मिटवता ती तुम्हीच, आणि बहुतेक वेळा एका फोनवर. तोच फोन इथे हवा.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आपल्या तालमीच्या शेजारची मशीद, दर्गा, चर्च, बुद्धविहार, बोर्डिंग यांच्यापैकी जे असेल त्यांच्या दोन माणसांशी आपली दोन माणसं जोडून घ्या. महिन्यातून एकदा बसा, सणाची वाट न बघता. त्या भागाच्या बीट हवालदाराला बोलवा, साहेबांना नको. आणि कृपा करून चारही पुरुष पाठवू नका. घरातलं पोरगं रात्री काय बघतं हे आईला माहीत असतं; बचत गटाच्या बायका या बैठकीत असायलाच हव्यात, सतरंजी उचलायला नव्हे. एखाद्या पोराने वाह्यात स्टेटस ठेवलं तर स्क्रीनशॉट पुढे ढकलण्याआधी त्याच्या गल्लीतल्या जोडीदाराला फोन जाऊ दे. पोराचे कान त्याच्या घरच्यांनी धरावेत. प्रकरण गुन्ह्याचं असेल तर एकाने जाऊन तक्रार द्यावी. धर्माधर्मांत तेढ लावणाऱ्या बोलण्यावर, कुणाची तक्रार नसली तरी, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलंय. कायदा आहे, त्यासाठी पाच हजारांचा जमाव लागत नाही. आणि कुणीही बंद पुकारला तर त्या दिवशी आपल्या पेठेतल्या दुकानांपुढे तालमीची पोरं टी-शर्ट घालून उभी राहू देत. दुकान कुणाचंही असो. बाहेरून आलेला टोळभैरव मंडळाचं नाव वाचूनच वळेल. तालमीची पोरं दारात उभी असताना कुणाच्या पेठेत जाऊन दगड मारायची टाप कोल्हापुरात कुणाची होणार नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, सगळं आम्हीच समजून घ्यायचं का, औरंगजेबाचा फोटो लावणाऱ्यांना कोण सांगणार? प्रश्न रास्त आहे. शिवराज्याभिषेकाच्या दिवशी असं स्टेटस ठेवणं हा निव्वळ पाजीपणा होता, आणि ते त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना वेळीच सांगायला हवं होतं. जमातीच्या प्रमुखांनाही माझं हेच म्हणणं आहे: पोरांना नुसतं गप्प बसा म्हणू नका, ताराराणींचा इतिहास हा त्यांचाही इतिहास आहे हे त्यांना शिकवा. पण हे त्यांना तोंडावर सांगायचं तर ओळख लागते, आणि ती करायला दोन्ही बाजूंनी कुणीतरी बसायला लागतं. मी तुम्हाला आधी लिहिलं ते तुम्ही संख्येने आणि ताकदीने जास्त आहात म्हणून. आणि दंगल पेटायला वेळ लागत नाही. मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून वणवा पेटला आणि तो सांगली, इचलकरंजीपर्यंत पसरला. कमान मंडळाची होती. तुमच्या कलेत तेवढी ताकद आहे, दोन्हीकडे नेण्याची.

त्या कलेवरूनच शेवटची विनंती. सजीव देखावे करावेत तर कोल्हापूरने. अफझलखान वध झाला, पावनखिंड झाली, चांद्रयान झालं. यंदा एखाद्या मंडळाने वळिवडे करावं. बरॅक उभी करायला बांबू आणि पत्रा पुरेल. स्टेशनवर उतरलेली, डोक्याला रुमाल बांधलेली पोलिश बाई, तिच्या कडेवर पोर, समोर फेटा बांधलेला करवीर संस्थानचा माणूस. दुसऱ्या प्रवेशात तीच बरॅक आणि दारात ट्रंक घेऊन सिंधी कुटुंब. संवाद गांधीनगरच्या एखाद्या आजोबांना विचारून लिहा, ते कुणा लेखकापेक्षा चांगले सांगतील. हिटलर दाखवायचाच तर मागच्या पडद्यावर दाखवा, पुढे आणू नका. पंज्याच्या तालमीतलं आणि बोर्डिंगमधलं एक-एक पोरगं नटांत घ्या. देखाव्याच्या तालमी सुरू झाल्या की मला कळवा. वर्गणीचं पुस्तक घेऊन या, पहिली पावती माझ्या नावाने फाडा. आकडा तुम्ही लिहा, फक्त माझी पेन्शन ध्यानात ठेवून लिहा.

आपला,
पेठेतला एक जुना वर्गणीदार